रंग गेला, पण गेला कुठे?



 

या अधिवेशनाच्या अध्यक्षपदावरून बोलताना प्रथेप्रमाणे आपल्या विषयाचा, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या सच्छिद्र उत्प्रेरकांचा, आढावा घ्यायला हवा. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टिटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं. १९९२ मध्ये मोबिल कंपनीच्या संशोधकांनी साबणी रेणूंच्या पुंजक्यांभोवती सिलिका जमवून एकसारख्या छिद्रांचा पदार्थ केला. १९९५ मध्ये अँटोनेली आणि यिंग यांनी ती वाट टिटॅनियमकडे नेली, १९९८ मध्ये स्टकी आणि सहकाऱ्यांनी ब्लॉक कोपॉलिमर वापरून कितीतरी धातूंची ऑक्साइडं सच्छिद्र करून दाखवली. पुढे गोळे आले, पोकळ गोळे आले, गोळ्यात गोळे आले. त्यांची छायाचित्रं आपण कालपासून पाहतोच आहोत. आढावा संपला.

आता निळ्या पाण्याबद्दल बोलते. फार वर्षं बोलायचं राहिलं आहे.

प्रत्येक सत्रात तेच. बीकरमध्ये मिथिलीन ब्लू हे निळं रंगद्रव्य, त्यात सच्छिद्र टिटॅनियम डायऑक्साइडची नवी पावडर, वर दिवा, आणि पडद्यावर उतरत जाणारी रेघ. 'रंगद्रव्याचं नव्वद टक्के विघटन.' टाळ्या. अहो, विघटन झालं हे कशावरून? पाण्यातला रंग गेला एवढंच तुम्ही मोजलंत. एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग मिळावा म्हणून तुम्हीच राबलात. तो पृष्ठभाग साध्या पाण्यात बहुधा ऋणभारित असतो, मिथिलीन ब्लू धनभारित. ते छिद्रांत जाऊन चिकटणार नाही तर काय करणार?

एका पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला मी बाहेरची परीक्षक होते. विद्यार्थी हुशार, पावडर देखणी. मी म्हटलं, वापरलेली पावडर गाळून अल्कोहोलमध्ये ढवळ बघू. प्रयोगशाळा शेजारीच होती. पाच मिनिटांत अल्कोहोल निळंशार. मार्गदर्शक शांतपणे म्हणाले, "मॅडम, त्याने आमचा ग्राफ थोडाच बदलतो?" खरंच बदलला नाही. तो छापूनही आला.

दिवा न लावता तासभर ढवळून आधी किती रंग चिकटतो ते मोजा, एवढीच साधी गोष्ट. आणि तीही पुरत नाही. आपण वापरतो त्या टिटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकाला, म्हणजे अ‍ॅनाटेजला साधारण ३८७ नॅनोमीटरहून आखूड लहरी लागतात. मिथिलीन ब्लू मात्र ६६४ च्या आसपासचा लाल प्रकाश स्वतःच शोषतं आणि इलेक्ट्रॉन ऑक्साइडला देऊन आपला आपणच नासतं. त्यावरून 'दृश्य प्रकाशात चालणारा उत्प्रेरक' अशी घोषणा होते. शिवाय याच रंगाचं एक रंगहीन रूप आहे, ज्याला हवा लागली की ते पुन्हा निळं होतं. म्हणून मी म्हणते, रंगाऐवजी फिनॉल घ्या, फॉर्मिक आम्ल घ्या, कार्बन डायऑक्साइड किती निघाला ते मोजा. कष्ट आहेत, मान्य. पण बिनरंगी पाणी थापा मारत नाही.

काल छिद्रं घडवणारा साचा, म्हणजे टेम्प्लेट, मऊ बरा की कठीण, यावर तास गेला. माझ्यापुरता तो वाद पावसाळ्याने मिटवला. जुलैत टिटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड या आपल्या कच्च्या मालाची बाटली उघडली की हवेतल्या ओलाव्यानेच पांढऱ्या गुठळ्या धरतात. मग टेम्प्लेट कुठलाही असो. आमच्या चांगल्या बॅचेस थंडीतल्या. लेखांत मात्र ढवळण्याचा वेग छापतात, हवेतली आर्द्रता नाही.

पृष्ठभाग मोठा की स्फटिक चांगला, हा दुसरा वाद. माझ्या एका विद्यार्थिनीने छिद्रं कोसळू नयेत म्हणून भट्टीचं तापमान खालीच ठेवलं. पृष्ठभागाचा आकडा डोळे दिपवणारा, आणि क्ष-किरणांत नुसता उंचवटा, स्फटिकाची एक रेघ नाही. प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या मागे उरलेल्या रिक्त जागा स्फटिकातल्या दोषांवरच एकमेकांना गाठून संपत होत्या. कार्बन डायऑक्साइड शून्य. निळ्या पाण्याच्या चाचणीत हीच पावडर पहिली आली असती. पुढे साडेचारशे अंशांवर भाजली, पृष्ठभाग निम्म्याहून कमी झाला, आणि वायू निघू लागला. बाजारात मिळणारी टिटॅनियम डायऑक्साइडची पी-२५ पावडर ज्वालेत बनते, छिद्रं नावाला नाहीत, ग्रॅमला जेमतेम पन्नास चौरस मीटर. तरी तिला हरवताना आपल्याला घाम फुटतो.

मग छिद्रं हवीत कशाला? याचं सर्वांत चांगलं उत्तर मला इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, मालकांनी दिलं. त्यांनी विचारलं, "मॅडम, आमच्या पाण्यात मीठ हाय, सोडा हाय. त्यात चालती का तुमची पावडर? आन् चालली तर पाण्यातनं परत काढायची कशी?" पहिल्या प्रश्नाला आपल्याकडे लाजिरवाणं मौन आहे, सोड्यातला कार्बोनेट विघटन घडवणारे आपले हायड्रॉक्सिल मूलकच खाऊन टाकतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र सच्छिद्र कणात आहे. पी-२५ सारखी बारीक पावडर पाण्यात तरंगत राहते. इवलेसे स्फटिक जोडून एक-दोन मायक्रॉनचा सच्छिद्र गोळा केला, तर आतला पृष्ठभाग राहतो आणि कण गाळता येतो. कण फार मोठा केला तर गाभ्यापर्यंत उजेडच पोचत नाही. तेव्हा किती मोठा, यावर भांडू या. ते भांडण कामाचं आहे.

कामं बरीच आहेत. सगळ्यांसाठी एक प्रमाण पावडर हवी. अंधारातल्या मोजणीचा रकाना सक्तीचा हवा. सांडपाण्याचे खरे नमुने हवेत. यासाठी एक समिती नेमावी. सदस्य चहाच्या वेळी ठरवू, पैशाचं नंतर पाहू. आणि पुढच्या अधिवेशनात ज्यांना निळं पाणी आणायचंच असेल, त्यांनी अल्कोहोलची बाटलीही आणावी. मी पहिल्या रांगेत असेन.