रिपोर्टातली न वाचलेली ओळ

(ज्येष्ठांच्या मासिक मेळाव्यात आरतीनंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)

प्रसादाआधी बोलायला उभं केलंय, तेव्हा शिरा गार होणार नाही इतकंच बोलतो.

इथे इंग्लंडमध्ये मी ३१ वर्षं रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी केली. हजारो लोकांचे आकडे हाताखालून गेले. स्वतःचा रिपोर्ट मात्र कधी नीट वाचला नाही. जीपीकडे फोन करायचा, ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल’ एवढं ऐकायचं आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकायचा. डायबेटिस निघाला त्या दिवशी आमच्या सौ.नी सगळे जुने कागद जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले. ट्रायग्लिसराइड १.९, मग २.४, मग २.८, मग ३.१. सात वर्षं आकडा चढत होता. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

माझं वजन ६४ किलो. तूप सोडलेलं. बारीक माणसाला काय होणार, असं मला वाटायचं.

आपण खातो ते तेल-तूप असो किंवा पोटावर साठलेली चरबी, ती बनते मेदाम्लांची. तीन मेदाम्लं एकत्र बांधली की झालं ट्रायग्लिसराइड. आता घरातली कोठी डोळ्यांसमोर आणा. जेवण झालं की इन्शुलिन कोठीला सांगतं, बाहेरून धान्य आलंय, तू दार लाव. उपाशी असलो की दार उघडतं आणि मेदाम्लं रक्तात येऊन शरीराला पुरतात. ही उत्तम व्यवस्था आहे. पण शरीर इन्शुलिनचं ऐकेनासं झालं की जेवणानंतरही दार उघडंच राहतं. बाहेरून अन्न येतंय आणि आतूनही मेदाम्लं सुटताहेत. ती जातात यकृताकडे. यकृत त्यांची मोट बांधून ट्रायग्लिसराइड म्हणून पुन्हा रक्तात सोडतं. स्नायूंना मेदाम्लं भरपूर मिळाली की ते साखर कमी उचलतात. हे केंब्रिजच्या फिलिप रँडल यांनी १९६३ सालीच मांडलं होतं. म्हणून साखर वाढण्याच्या कितीतरी आधी ही ओळ बोलायला लागते.

आणखी एक. जास्तीची साखर आणि पिठूळ पदार्थ यांच्यापासून यकृत स्वतःच मेदाम्ल तयार करतं, मुख्यतः पामिटिक. म्हणजे तूप सोडलं आणि साबुदाण्याची खिचडी, गोड चहा, ज्यूस, दोन वेळा भात चालू ठेवला, तर रक्तात चरबी येणारच. एकादशी दुप्पट खाशी, हे आपल्या पूर्वजांना लॅबशिवाय कळलं होतं!

आपल्या लोकांमध्ये हे जास्त का? लंडनजवळच्या साउथॉलमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस मोठी पाहणी झाली. दक्षिण आशियाई लोकांमध्ये पोटावरची चरबी, जास्त ट्रायग्लिसराइड आणि मधुमेह हे सोबतच दिसले. आणि आपल्या पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. तो फोटो पाहिला आणि मला माझे ६४ किलो आठवले.

मगाशी एका आजींनी विचारलं, दुधातली चरबी तरी चांगली ना? २०१४ साली युरोपातल्या आठ देशांतल्या लोकांच्या रक्तातली मेदाम्लं वेगवेगळी करून मोजली, त्याचा अभ्यास आला. पामिटिकसारखी जास्त असलेल्यांना पुढे मधुमेह जास्त झाला, तर दुधातून येणारी काही मेदाम्लं जास्त असलेल्यांना कमी. पण आजी, हा नुसता संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. साजूक तुपाची वाटी काढू नका! अशी सुटी मोजणी जीपी करतही नाहीत. आपल्याला ट्रायग्लिसराइडची ओळ पुरते.

उपाशीपोटी १.७ च्या आत, जेवून गेलात तर २.३ च्या आत. शेजारीच एचडीएल पाहा: पुरुषांना १ च्या वर, बायकांना १.२ च्या वर हवं. पुण्याच्या भावाशी फोनवर आकडे जुळवताना घोटाळा होतो, कारण तिथलं माप वेगळं, आपलं १.७ म्हणजे तिथलं १५०. आकडा १० च्या पुढे असेल तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तेव्हा थांबू नका. थायरॉइड, मूत्रपिंड, काही औषधं, रोजची ‘थोडीशी’ घेणं यांनीही तो वाढतो, म्हणून कारण डॉक्टरांनाच शोधू द्या. स्टॅटिन आपल्या मनाने बंद करू नका. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर न विचारता उपाशी जाऊ नका.

मी काय केलं? भात एकाच वेळी, चहात साखर नाही, आणि दोन्ही जेवणांनंतर वीस मिनिटं चालणं, पाऊस असला तर घरातच. आता आकडा १.८ आहे. डायबेटिस गेलेला नाही, गोळी चालू आहे.

सरकारी हेल्थ चेकचं पत्र ४० ते ७४ वयाच्यांनाच येतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांनी वाट पाहत बसू नये, स्वतः विचारावं. पण आपल्यातले कित्येक एकटे राहतात. कुणाला इंग्रजी पत्र वाचता येत नाही, कुणाला बस बदलून जाणं जमत नाही, आणि मुलांना सुट्टी मागायला संकोच वाटतो. ट्रस्टला त्यासाठी सकाळी दोन तास देऊ शकणारे गाडीवाले हवेत, पत्रं वाचून दाखवणारे हवेत, आणि टॅक्सीच्या खर्चाला थोडा निधी हवा. ज्यांना सोबत हवी आहे त्यांनीही नाव द्यावं, त्यात कमीपणा नाही. दोन्ही वह्या चपलांच्या कपाटाशेजारी ठेवल्या आहेत. पुढच्या महिन्यात जुने रिपोर्ट घेऊन या, मी चष्मा घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसेन.