गाठीची साखरभूक
निरोगी पेशी ऑक्सिजन वापरून ग्लुकोजच्या एका रेणूतून ऊर्जेचे, म्हणजे एटीपीचे, सुमारे 30 रेणू मिळवते. कर्करोगाच्या अनेक पेशी मात्र ऑक्सिजन असूनही बरंचसं ग्लुकोज अर्धवट मोडतात. पदरात पडतात जेमतेम 2. तोट्याचा व्यवहार? तसा नाही. काम झटपट होतं, शिवाय नव्या पेशींसाठी कच्चा मालही मिळतो. ग्लुकोज अर्धवट मोडण्याची ही सवय जर्मनीच्या ओटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकात टिपली.

एका रेणूतून इतकं कमी मिळतं, म्हणून या पेशी ग्लुकोज भरपूर ओढतात. याच हावरेपणावर पेट स्कॅन चालतो: किरणोत्सारी खूण लावलेलं ग्लुकोजसारखं द्रव्य कर्करोगाच्या गाठीत साचतं आणि गाठ चित्रात उठून दिसते. मुंबईच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ही तपासणी 2002 साली आली. पण साखर सोडली की गाठ उपाशी मरते, हे खोटं. ग्लुकोज शरीर स्वतःच बनवतं. पथ्य डॉक्टरांना विचारूनच करा.