हातची चव कागदावर उतरवा



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून स्वयंपाकावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. डॉक्टर, इंजिनिअर, वकील यांच्याविषयी आपण नेहमी बोलतो. पण मुलाने ‘मला शेफ व्हायचे आहे’ असे म्हटले की घरात शांतता पसरते. ‘बावर्ची होण्यासाठी का तुला शिकवले?’ असा सवाल येतो. या सवालाला इतिहास काय जबाब देतो, तेवढेच मला आज आपल्यापुढे ठेवायचे आहे.

आज जगभरच्या उंची हॉटेलांत फ्रेंच स्वयंपाकाचा दबदबा आहे. त्याची मुळे मध्ययुगात आहेत. गिओम तिरेल नावाचा एक मुलगा १३२६ साली फ्रान्सच्या राणीच्या मुदपाकखान्यात पोऱ्या म्हणून कामाला होता. पुढे तो राजाचा मुख्य स्वयंपाकी झाला. ‘तायव्हाँ’ या टोपणनावाने तो ओळखला जाई. ‘व्हियाँदिए’ हा पाककृतींचा संग्रह त्याच्या नावावर आहे. १३९५ साली तो वारला, तेव्हा त्याच्या कबरीच्या शिळेवर त्याला सरदाराच्या वेषात कोरले गेले आणि ढालीवर तीन हंड्या काढल्या गेल्या. ज्या भांड्यांची आपण लाज बाळगतो, ती तेथे मानचिन्ह झाली!

यातली एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. त्या संग्रहाची सर्वांत जुनी प्रत तायव्हाँच्या कारकिर्दीच्याही आधीची आहे. म्हणजे सारे पदार्थ काही त्याने शोधून काढले नव्हते. आधीपासून चालत आलेले पदार्थ त्याच्या नावाखाली गोळा झाले, वाढले आणि टिकले. राजवाड्याबाहेरही असेच घडले. १३९३ च्या सुमारास पॅरिसच्या एका गृहस्थाने आपल्या तरुण पत्नीसाठी संसाराचे पुस्तक लिहिले. त्यातही पाककृती भरपूर आहेत.

त्या काळचे फ्रेंच जेवण आपल्याला फारसे परके वाटणार नाही. दालचिनी, आले, लवंग, मिरी, पिंपळी, केशर यांची त्यात रेलचेल होती. आपण चिंच-आमसूल घालतो, तसा ते कच्च्या द्राक्षांचा आंबट रस घालत. रस्सा दाट करायला भिजवलेला पाव किंवा वाटलेले बदाम असत. उपवासाच्या दिवसांत दुधाऐवजी बदामाचे दूध चाले. आपल्याकडे नारळाचे दूध चालते, तसेच ते. यातले बरेच मसाले हिंदी महासागरातून अरब व्यापाऱ्यांमार्फत मिसरला आणि तेथून व्हेनिसला पोहोचत. याच सागरी व्यापारात आपली बंदरे होती. पहिल्या शतकातील ग्रीक खलाशाच्या प्रवासपुस्तकात कल्याणचे नाव येते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याचा उल्लेख केला आहे.

मग त्या जेवणाचा वारसा काय उरला? मसाल्यांचे ते आंबट रस्से बहुतेक गेले. १६५१ साली ला व्हारेनचे पुस्तक निघाले आणि लोणी-पिठाच्या सौम्य सॉसचा जमाना आला. पण सॉस हा स्वयंपाकाचा प्राण आहे, प्रत्येक कामाला वेगळा माणूस हवा आणि केलेले लिहून ठेवावे, या गोष्टी राहिल्या. १९०३ साली एस्कोफिएने आपला मोठा ग्रंथ काढला तो याच लिहिण्याच्या परंपरेत. १९४६ साली पॅरिसमध्ये एक हॉटेल निघाले, त्याला ‘तायव्हाँ’ हेच नाव दिले गेले. २०१० साली युनेस्कोने फ्रेंच जेवणाच्या रिवाजाला मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

लिहिण्याची परंपरा आपल्या मुलखातही होती. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या जेवणाचे सविस्तर वर्णन आहे. त्यातले मांडे आजही होतात. (त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपले कल्याण नव्हे.) मांडूच्या सुलतानांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस ‘निमतनामा’ हा सचित्र पाकग्रंथ करवून घेतला. त्यात समोशाचेही प्रकार आहेत.

पण कल्याण, भिवंडी, ठाणे येथील आपल्या घरांचे काय? तांदळाची भाकरी, घावन, सांदण, नारळाच्या दुधातले सालन, मोहरमचा खिचडा! ही विद्या बहुतांशी आमच्या माता-भगिनींच्या हातात आहे, कागदावर नाही. दादी-नानी जाते, तेव्हा तिच्याबरोबर एक पुस्तक न लिहिताच दफन होते. डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये वाढणाऱ्या मुलीला मग ते कोण शिकवणार?

म्हणून विद्यार्थ्यांनो, या सुट्टीत एक वही घ्या. दादीजवळ, खालाजवळ बसा आणि पाच पदार्थ लिहा. ‘अंदाजाने घाल’ असे त्या म्हणतील. तेव्हा त्यांच्या मुठीतले वाटीत ओतून मोजा. तांदूळ कोणता, आच किती, आधी काय आणि मग काय, किती वेळ, कोणत्या सणाला, हे सारे टिपा. जुन्या फ्रेंच पाककृतींत माप आणि वेळ क्वचितच दिलेली असते. त्यामुळे आजच्या जाणकारांनाही अंदाज बांधावे लागतात. आपल्या नातवंडांवर ती पाळी आणू नका. पदार्थ सांगणारीचे नावही वहीत लिहा, ही विनंती.

आणि पालकहो, दादरला १९५४ पासून केटरिंगचे शिक्षण देणारी संस्था आहे. हॉटेलच्या पेशात हलाल-हरामचा प्रश्न येतो, हे खरे. त्याविषयी मुलाशी घरात बसून मोकळेपणी बोला. पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून त्याला अडवू नका. मुलगी स्वयंपाक करते ते कर्तव्य आणि मुलगा करतो ती नामुष्की, हा हिशेबही आता सोडून द्यावा. दोघांच्या हातातली ती विद्या आहे. विद्येला मान द्यायचा, तर तिची सुरुवात घरच्या चुलीपासून का होऊ नये?