गिऱ्हाईक कोण, हे विचारून मग शिक्षण
(इस्लापूर येथील बैठकीतील भाषण)



पेरणीआधी आपण काय विचारतो? औंदा कापसाला काय भाव निघेल? माल भोकरला न्यायचा की आदिलाबादला? ज्वारी घरच्या खाण्यापुरतीच टाकायची की विकायलाही? ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो कोणी पेरत नाही. पोराच्या शिक्षणावर मात्र एकरभर रान गहाण पडते आणि हा प्रश्न कोणी विचारत नाही.

डी.एड.चेच पाहा. २००० साली सरकारने शिक्षणसेवक योजना आणली. तीन वर्षे मानधनावर काढा, मग कायम मास्तर. पाहता पाहता जिकडेतिकडे डी.एड. कॉलेजे निघाली. २०१० नंतर भरती आटली. २०१३ मध्ये टीईटी आली, २०१७ मध्ये पवित्र पोर्टल आले. दोन वर्षे शिकलेली पोरे वाट पाहून तिशी ओलांडून गेली. यात पोरांचा दोष नाही, विश्वासाने पैसा भरणाऱ्या बापाचाही नाही. कॉलेज काढणाऱ्याने फी घेतली आणि परवाना देणाऱ्याने पुढे जागा किती निघतील याचा हिशेबच मांडला नाही. कापूस ओला निघाला तर व्यापारी आपली कटती कापतो. इथे कोणाची कटती कापली?

आता शिवारात काम नाही म्हणावे, तर तेही खरे नाही. ऐन पाण्याच्या पाळीला विहिरीवरची मोटार जळते. ती भरून आणायला तालुक्याला न्यावी लागते, तोवर पीक माना टाकते. मळणी यंत्र, ट्रॅक्टर, ठिबकचे फिल्टर, फवारणी पंप, सगळ्याची तीच गत. २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आली. पंप बसेल, पण तो बिघडला की कंपनीच्या माणसाची वाट पाहायची. हे काम आपल्या पोरांचे आहे. ते शिकवणारे कोणी नाही.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. शहरातली संशोधकाची नोकरी सोडून ते तिथे राहायला गेले. शाळा सुटलेल्या पोरांना वेल्डिंग, वीजकाम, बांधकाम, शेती, जनावरे, सगळे हाताने करून शिकवायचे. गावातल्या गिऱ्हाइकाचे खरे काम घ्यायचे. फाटकाची जोड वाकडी निघाली तर तिथे नुसते मार्क जात नाहीत, गिऱ्हाईक ते फाटक नेत नाही. हीच पद्धत पुढे आजूबाजूच्या शाळांतही आठवी ते दहावीला आठवड्यातून एक दिवस सुरू झाली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे सुरू झाली. केंद्र कोणतेही असो, नाव घालण्याआधी विचारा : मागच्या तुकडीतली पोरे कुठे कामाला लागली? यंत्र खोलायला देणार की फळ्यावर चित्र काढणार? (बायकांसाठी म्हटले की यांना फक्त शिवणयंत्र सुचते. गावात कपडे शिवून घेणारे किती, हे कोणी मोजत नाही. मोटार भरण्याचे काम बाईला का जमू नये?) आणखी एक. ३० किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या कारखान्याला कायद्याने शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि त्यांना विद्यावेतन द्यावे लागते. आपला कापूस जिथे सरकीवेगळा होतो तिथे जाऊन विचारा, किती घेतले?

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक यादी आणावी. वर्षभरात काय काय बिघडले, दुरुस्तीला कुठे नेले, किती पैसे मोजले आणि किती दिवस गेले. ती यादी घेऊन आपण किनवटच्या आयटीआयच्या प्राचार्यांना भेटू.