सोडियम ॲसिटेट आणि मँगनीजचा कस
(व्याख्यानाचा मजकूर)

नागपूर व भंडारा जिल्ह्यांतून जाणारा मँगनीजचा पट्टा मध्य प्रदेशात बालाघाटपर्यंत पोचतो. तेथील भरवेलीची भूमिगत खाण सुप्रसिद्ध आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या आणि नागपूर येथे मुख्यालय असलेल्या मॉईल कंपनीकडे ती आहे. तेथील काळे खनिज पोलादाच्या उद्योगास लागते. परंतु त्याचे मोल केवळ वजनावर नव्हे, कसावर ठरते. खनिजात मँगनीज किती आणि लोह किती, हे समजल्यावाचून सौदा होत नाही.

अडचण अशी की, आम्लात ही दोन्ही एकदमच विरघळतात. त्यांची फारकत करण्याची एक जुनी रीत सोडियम ॲसिटेट या साध्या क्षारावर आधारलेली आहे. हा क्षार काही दुर्मिळ नव्हे. सिरक्यात खाण्याचा सोडा टाकला की फसफसून वायू निघून जातो, आणि उरलेले पाणी आटविल्यास पांढरे स्फटिक मिळतात. शिक्षकांनी वर्गात अवश्य करून दाखवावा असा हा प्रयोग आहे. हे स्फटिक सुमारे ५८ अंश सेल्सियसला वितळतात; द्राव निवल्यावरही पातळच राहू शकतो आणि चेतविताच गोठून ऊब देतो. शेकण्याच्या काही पिशव्यांत हाच पदार्थ असतो.

कसासाठी मात्र त्याचा दुसरा गुण कामी येतो. तीव्र आम्लाच्या द्रावणात तो घातला की सौम्य ॲसेटिक आम्ल तयार होते, आणि द्रावणाची आम्लता एका मर्यादेत स्थिरावते. रंगाईतही त्याचा उपयोग याच कारणाने होतो.

खनिजाच्या द्रावणातील लोह प्रथम फेरिक अवस्थेत आणतात. जादा आम्ल सोड्याने मारून सोडियम ॲसिटेट घातले की द्रावण गडद तांबडे होते. पाणी घालून उकळताच लोहाचा तपकिरी साका बसतो. मँगनीज द्रावणातच राहते. साका गरम असतानाच गाळावा, कारण थंडावल्यास लोह पुन्हा विरघळू लागते. फार वेळ उकळल्यास तो बुळबुळीत होतो आणि गाळणे जिकिरीचे ठरते.

हा साका थोडे मँगनीजही धरून ठेवतो. म्हणून दक्ष परीक्षक तो पुन्हा आम्लात विरघळवून सर्व क्रिया दुसऱ्यांदा करतो. घाईत हे टाळले, तर खनिजाचा कस प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो आणि उत्तम मालाला हलक्या मालाचा भाव मिळतो. पुढे गाळलेल्या द्रावणात ब्रोमीनचे पाणी घालून तापविल्यास मँगनीज काळसर साक्याच्या रूपाने खाली बसते. तो साका धुऊन, भाजून त्याचे वजन करतात.