मातीच्या पोटातील घरे

(वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भूमीखालचे घर म्हटले की आपणांस साप नि उंदीर आठवतात. परंतु माणसेही तेथे सुखाने नांदतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातील कूबर पेडी येथे १९१५ साली ओपल रत्ने सापडली आणि पुढे खाणकऱ्यांनी टेकड्या कोरून त्यांतच संसार थाटले. उन्हाळ्यात बाहेर पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आत तो २४ अंशांच्या आसपास असतो. उत्तर चीनमधील पिवळ्या मातीच्या पठारावर तर अशा घरांत शतकानुशतके वस्ती आहे.

ह्यात जादू नाही. माती उष्णता सावकाश घेते व सावकाश सोडते. दिवसाचा ताप वीतभर खोल जातो न जातो तोच रात्र होते. आणखी काही हात खाली तर उन्हाळा-हिवाळ्यातील भेदही फारसा उरत नाही. आपल्या मराठवाडा-सोलापूरकडील माळवद हे ह्याच विद्येचे धाकटे भावंड होय. वैशाखात पत्र्याखालचे मूल रडते, माळवदाखालचे झोपते, हे येथील मातांना मी काय सांगावे!

तथापि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट विसरून बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. हजारो जीव दगडमातीखाली गेले. चीनच्या शान्सी प्रांतातही १५५६ च्या भूकंपात अशीच घरे असंख्य माणसांवर कोसळली. किल्लारीस दोष होता तो मुख्यतः मातीत रचलेल्या, सांधा न साधलेल्या जाड दगडी भिंतींचा. त्यांवर छताच्या मातीचे ओझे. जेथे खणांचा लाकडी सांगाडा भक्कम होता, तेथे भिंती ढासळूनही पुष्कळदा छत उभे राहिले. तेव्हापासून आपल्यांपैकी अनेकांनी पत्रे घातले, त्यांस नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही.

आता आपल्या नियोजित विद्यार्थी-वसतिगृहाविषयी. जागा उतारावर आहे, खाली मुरूम आहे. काळ्या जमिनीत मी हे सुचविले नसते; ती पावसात फुगते नि उन्हाळ्यात भेगाळते. मागील भिंत उतारात दडवावी, लोखंडी सळयांच्या काँक्रीट छतावर मातीचा थर द्यावा, पुढची बाजू मोकळी ठेवावी. पाण्याचा निचरा आधी, भिंत नंतर. हवा खेळती हवीच. उघडलेल्या पेवात घाईने उतरणाऱ्याची गत आपण जाणतोच.

मी अभियंता नव्हे, शाळामास्तर आहे. म्हणून बांधकाम समितीस विनंती एवढीच, की पत्र्याची मागणी नोंदविण्यापूर्वी भूकंपाचे काम जाणणाऱ्या अभियंत्याकडून ह्या आराखड्याचा भार व खर्च तपासून घ्यावा आणि तो कागद पुढील सभेपुढे ठेवावा.