बावीस बोअरचं छोटं काडतूस

नेमबाजी शिकणाऱ्यांच्या तोंडी ‘पॉइंट टू टू’ हे नाव सतत असतं. या काडतुसाचा व्यास साधारण साडेपाच मिलिमीटर. आघातानं पेटणारी दारू त्याच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेली असते आणि आघात त्या कडेवर होतो, म्हणून याला ‘रिमफायर’ म्हणतात. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीनं 1857 मध्ये या पद्धतीचं सात गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं.

याचा धक्का सौम्य, आवाज कमी आणि काडतूसही स्वस्त. त्यामुळे चाप हळुवार, सरळ मागे ओढण्याची सवय न घाबरता लागते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये विश्वविजेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते याच काडतुसाच्या रायफलवर.

सरावासाठी या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर घेताना ते मुठीत नीट बसतं का, चाप फार जड नाही ना, हे पाहावं. ओळखीच्या प्रशिक्षकाला सोबत न्यावं. भारतात मात्र आधी परवाना, मग खरेदी.

आणि छोटं म्हणून निर्धास्त राहू नका. ही गोळी दीड-दोन किलोमीटरपर्यंतही जाऊ शकते. दगडावर, पाण्यावर आपटून उसळते. म्हणून लक्ष्याच्या मागे मातीचा भक्कम बांध हवा, डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण हवं. सराव संपला की हात स्वच्छ धुवा, कारण गोळीत शिसं असतं. हत्यार रिकामं आहे असं कधीही गृहीत धरू नका. दरवेळी उघडून, डोळ्यांनी पाहून खात्री करा.